कोहळं परत करायचं असतं

पवनचक्की आली तेव्हा मी तरुण होते. म्हणजे नुकतीच शाळेतून रिटायर झाले होते, गुडघे सांगितलेलं ऐकत होते, आणि जगात जे काही बिघडतं ते मला आधी न विचारल्यामुळे बिघडतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आता सत्तरी उलटली. जग अजून बिघडतंच आहे आणि मला अजूनही कोणी विचारत नाही, पण त्या दोन गोष्टींचा संबंध मी आता जोडत नाही.

आमचं गाव कारंज्याच्या पुढं, कामरगावच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. गावाच्या उगवतीला एक बोडकी टेकडी आहे. कोण्या जुन्या दुष्काळात गोऱ्या मिशनऱ्यांनी ती घेतली, कारण दुसरं कोणी ती घ्यायला तयार नव्हतं. वर त्यांनी चर्च बांधलं, छोटा दवाखाना काढला, नर्सांसाठी दोन खोल्या उभ्या केल्या. पुढं गोरे गेले, दवाखाना बंद पडला, नर्साही गेल्या. राहिलं ते चर्च, नर्सांच्या रिकाम्या खोल्या, कबरस्तान आणि वारा. वारा असा की लग्नात नवरीच्या डोक्यावरची जाळी धरून ठेवायला एक वेगळी बाई नेमावी लागायची, आणि उपासनेत मेणबत्ती पेटवणाऱ्याच्या विश्वासाची खरी परीक्षा व्हायची.

जमीन कोणाची, हे आधी सांगून टाकते. सातबाऱ्यावर नाव वरच्या मंडळाचं, म्हणजे शहरात बसणाऱ्या ट्रस्टचं. आमच्या मंडळीतले, म्हणजे गावातले आम्ही ख्रिस्ती, म्हणायचो की जमीन देवाची. आणि चरायचं काम गावभरच्या शेळ्या-म्हशी करायच्या. असे तीन मालक. त्यांतल्या शेळ्याच तेवढ्या रोज हजर असायच्या.

मग एका उन्हाळ्यात कंपनीचे लोक आले आणि त्यांनी टेकडीवर एक उंच खांब रोवला. त्याच्या टोकाला छोट्या वाट्या बसवलेल्या, त्या गरगर फिरायच्या. वारा मोजायचा आहे म्हणाले. गावाला हे पटायला वेळ लागला. चौकात ज्यांचं किराण्याचं दुकान आहे ते चाचा मला म्हणाले, "भाभी, हवा मोजके क्या करेंगे? किलोवर इकाची हाय का?"

"वीज करणार आहेत, चाचा."

"लोक तं म्हंतेत का तो पंखा ढग पळवते."

"तुमाले काय वाटते?"

चाचांनी साखर तोलता तोलता वर पाहिलं. "अपने यहाँ ढग ठहरता कब है जो भगाएंगे," म्हणाले, आणि पुडी बांधली.

वरच्या मंडळानं कळवलं की आमची काही हरकत नाही, मात्र गावच्या मंडळीच्या पंच कमिटीनं ठराव करून दिला पाहिजे. भाड्यातून चर्चचं छत दुरुस्त करून देऊ. छताबद्दल सांगायचं तर ते इतक्या वर्षांपासून गळत होतं की पावसाळ्यात कोण कुठं बसतं हे वयावर किंवा मानावर नव्हे, थेंबांवर ठरायचं. पाळकसाहेब प्रवचन देता देता डावीकडं सरकले की पाऊस वाढला असं समजायचं.

पंच कमिटीची सेक्रेटरी मी. पहिलीच बाई. त्या मानाचा मी जो उपयोग केला तो आठवला की मला आजही माझ्याच शेजारी बसायला नको वाटतं. कमिटीत मी टेकडीला टेकडी म्हणत नसे, 'आपली भूसंपदा' म्हणत असे. वाऱ्याला 'ऊर्जास्रोत' म्हणत असे. चष्म्याला साखळी लावली होती, चष्मा हरवत नव्हता तरी. एका मीटिंगला मी पुठ्ठ्याची पवनचक्की करून नेली, तीन पाती, खाली चाक, चाकाला दोरा. समोर टेबलफॅन ठेवायचा आणि वाऱ्यातून वीज कशी होते ते दाखवायचं, असा बेत. फॅन लावला आणि लाइट गेली. विजेचा प्रयोग विजेवाचून अडला. शेवटी दोन बायांनी सुपानं वारा घातला, पाती फिरली, आणि खजिनदार म्हणाले, "म्हंजे सूप घेऊन दोन बाया लागतीन कंपनीले. रोजगार होईन."

खजिनदार पूर्वी एसटीत कंडक्टर होते. माणूस चढतानाच कुठं उतरणार ते मला कळतं, असा त्यांचा दावा होता.

तरीही सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. अडलं ते रस्त्यावर. पवनचक्कीचं एक पातं म्हणजे काय चीज असते ते तोवर आम्हाला माहीत नव्हतं. एक पातं एका लांबच लांब ट्रकवर निजवून आणतात, आणि तो ट्रक वळत नाही. आमच्या टेकडीवर चढायची जुनी बैलबंडीची वाट चर्चला वळसा घालून जाते. ती चालायची नाही. कंपनीनं खालून सरळ रेघ मारली. ती रेघ कबरस्तानाच्या एका कोपऱ्यातून जात होती, आणि कंपनीच्या नकाशात त्या कोपऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

तो लेकरांचा कोपरा. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या कबरीवर दगड बसतो, त्यावर नाव. पण बाप्तिस्मा व्हायच्या आधी जे लेकरू गेलं त्याला नाव नाही, आणि नाव नाही म्हणून दगडही नाही. जुनी चाल. माती द्यायची, वर हाताला येईल तो धोंडा ठेवायचा. दोन पावसाळ्यांत तो धोंडा जमिनीत जातो किंवा शेळीच्या पायानं घरंगळतो. पाहणाऱ्याला तिथं गवत दिसतं आणि दोन सीताफळाची झाडं.

त्या गवतात माझ्या ननंदेची मुलगी होती.

ननंद माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाली, पोटात लेकरू घेऊन माहेरी आली, आणि ते लेकरू आठवडाभरही राहिलं नाही. मग ती दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि दवाखाना बंद झाला तरी टेकडीवरच्या नर्सांच्या खोलीतून खाली उतरली नाही. आम्ही कितीदा बोलावलं. "खाली हवा नाही," म्हणायची. खोलीच्या कुंपणाला ती कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल लावायची. वेल वाढत वाढत लेकरांच्या कोपऱ्यात शिरायचा. तो तिनं कधी अडवला नाही.

कंपनीचा साहेब वाईट नव्हता. तिकडचा, पुण्याकडचा, तरुण, बोलायला मऊ. त्यानं कमिटीला सांगितलं, "तिथे कोणाचं कोणी असेल तर नेमकी जागा दाखवा. तेवढी सोडून, तिला जाळी लावून रस्ता नेऊ." इतकं रास्त बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी शाळेतला टेप मागून आणला आणि टेकडी चढले.

ननंद वेलाच्या बुडाशी माती ओढत होती.

"अक्का, फक्त जागा दाखवा," मी म्हणाले. "तेवढी सोडतीन ते. जाळी लावून देतीन. मी ठरावातच टाकते."

"काय मोजाले आली वं?"

"जागा."

"कोणाची?"

"लेकराची, अक्का."

ती उठली. हात पदराला पुसले. कोपऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या टेपकडं.

"लंबा हाय का टेप?"

"हाव, भरपूर हाय."

"मंग पुरा कोपरा मोज," ती म्हणाली, आणि परत मातीत बसली.

मी खाली आले आणि नवऱ्याला म्हणाले की तुमची बहीण सहकार्य करत नाही. आमचे हे शेतकरी, बोलणं बी-बियाण्यासारखं जपून वापरणारे. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "तिले काहून दुखवून राह्यली?" मी म्हणाले, दुखवत नाही, प्रश्न सोडवते आहे. ते झोपायला गेले.

मग मंडळीत दोन तट पडले. छताचे आणि कोपऱ्याचे. छताचे पुष्कळ, कोपऱ्याचे चार म्हातारे आणि माझी ननंद. घरोघरच्या प्रार्थनेत छताचे लोक देवाला म्हणायचे की सर्वांना सुबुद्धी दे, आणि कोपऱ्याचे लोकही नेमकं तेच म्हणायचे, फक्त 'सर्वांना' म्हणताना दुसऱ्या बाजूकडं तोंड करून. मी बायकांच्या प्रार्थना-सभेत प्रगतीसाठी प्रार्थना घेतली. ती इतकी लांबली की मध्ये एकीनं उठून चहा ठेवला, केला, गाळला, आणि मी डोळे उघडले तेव्हा कप समोर होता. मला वाटलं, माझ्या शब्दांनी बाया भारावून गप्प आहेत.

ननंद एकदाही भांडली नाही. रविवारी चर्चच्या दारात भेटली की म्हणायची, "काय मास्तरीनबाई, मोजलं का आभाळ?"

ठराव कापणीच्या सणाच्या दिवशी करायचं ठरलं. पंच कमिटीचे सगळे त्या दिवशी हमखास हजर असतात, जेवण असतं म्हणून. आणि मीच सुचवलं की साहेबाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवावं, म्हणजे लोकांचं मन वळेल. लोकांचं मन वळवण्याची मला फार हौस होती.

कापणीचा सण काय असतो ते सांगायला हवं. पीक घरात आलं की प्रत्येकजण आपल्या वावरातलं पहिलं काहीतरी चर्चमध्ये आणतो. तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, अंडी, एखादा कोंबडा. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव. गावातले इतरही येतात. सरपंचबाई बौद्ध, त्या दर वर्षी येतात. चाचा येतात, ते फक्त अंड्यावर बोली लावतात. पण आमच्या लिलावात घेतलेली वस्तू कोणी घरी नेत नाही. बोली लागली की घेणारा ती दोन्ही हातांनी उचलतो, "परत मंडळीला" म्हणतो आणि देऊन टाकतो. मग ती पुन्हा लिलावात. एक अंडं अर्ध्या गावाला विकलं जातं. कोंबडा इतक्या हातांतून फिरतो की त्याला मालक कोण ते कळत नाही आणि तो सगळ्यांना सारखाच टोचतो. ही गोष्ट आमच्यातल्या रांगणाऱ्या पोराला ठाऊक असते. म्हणूनच ती कोणी कधी कोणाला सांगितलेली नव्हती.

पहिली वस्तू नेहमी ननंदेचं कोहळं. लिलाव त्याच्यापासून सुरू व्हायचा, आणि ते मात्र एकदा परत आलं की लगेच चिरून जेवणाची भाजी व्हायची. मंडळी लहान आणि तिचं कोहळं मोठं, पुरून उरायचं. लिलाव पुकारायचं काम आमच्या ह्यांचं. वर्षभर न बोललेलं सगळं ते त्या एका दुपारी बोलून टाकायचे.

साहेब आला. मी त्याच्या गळ्यात हार घातला आणि स्वागताचं भाषण केलं. त्यात वारा, आत्मा, विज्ञान आणि छत या चारही गोष्टी आल्या. कोणत्या क्रमानं आल्या ते मला सांगता यायचं नाही, तेव्हाही कोणाला सांगता आलं नसतं. मग साहेब बोलला. थोडकं आणि नीट बोलला. शेवटी म्हणाला, "लीजची मुदत संपली की तुमची जमीन जशीच्या तशी तुम्हाला परत. हा माझा शब्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्याच्या म्हाताऱ्यांपैकी एकानंही वाजवल्या, बहुधा हाताला मुंग्या आल्या होत्या म्हणून.

लिलाव सुरू झाला. ह्यांनी कोहळं डोक्याच्या वर धरलं. पाहुण्याचा मान म्हणून पहिली बोली साहेबाला दिली. त्यानं ती जोरात लावली, आणि पाहुण्याच्या वर जायचं नाही म्हणून बाकी सगळे गप्प राहिले. "एक बार, दोन बार, तीन बार," ह्यांनी थाळीवर टोला दिला आणि कोहळं साहेबाच्या हातात ठेवलं.

सगळं अंगण थांबलं. आता तो ते उचलणार आणि म्हणणार. चुलीजवळ दोन बाया विळे घेऊन तयार होत्या, मोठ्या गंजात फोडणी तडतडत होती.

साहेब म्हणाला, "मनापासून आभार." त्यानं कोहळं ड्रायव्हरकडं दिलं. ड्रायव्हरनं ते जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि घरंगळू नये म्हणून त्याला माझा हार गुंडाळला. साहेबानं सर्वांना नमस्कार केला, पुढच्या गावी दुसरी मीटिंग आहे म्हणाला, आणि जीप टेकडी उतरून गेली.

फोडणी जळाल्याचा वास आला. आमचे हे थाळी हातात धरून उभे होते. मग माझी ननंद, जी दारातल्या पायरीवर बसली होती, म्हणाली, "राहू द्या बाप्पा. त्याच्या घरी नसन कोहळं."

ह्यांनी पुढची वस्तू घेतली.

त्या दिवशी जेवणात वरण होतं, भात होता आणि भाजी नव्हती. भरल्या पोटी ठराव झाला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. जेवण उरकलं, कमिटी चर्चमध्ये बसली, मी ठराव वाचला. भाषा माझीच होती, वाचायला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर खजिनदार उठले. ते छताच्या बाजूचे, नव्हे, त्या बाजूचे म्होरके.

"मले एकच गोष्ट सांगा," ते म्हणाले. "ज्या माणसाले कोहळं वापस कराचं समजत नाही, थो टेकडी वापस करन का?"

"त्यांना माहीत नव्हतं," मी म्हणाले. "आपण सांगायला हवं होतं."

"कोण सांगन? तुमी सेक्रेटरी."

"मला वाटलं पाळकसाहेबांनी सांगितलं असेल."

पाळकसाहेब म्हणाले, "मला वाटलं हे सांगायची गोष्ट नाही."

"तेच म्हणून राह्यलो ना मी," खजिनदार म्हणाले. "सांगायची गोष्ट नाही हे. आता टेकडीच्या टायमाले बी कोणी सांगनार नाही, आन् थो गाडीत टाकून घेऊन जाईन."

मी समजावून सांगितलं की टेकडी जीपमध्ये मावत नाही. हा माझा त्या मीटिंगमधला सर्वांत मजबूत मुद्दा होता. ठराव पडला. माझा एकटीचा हात वर राहिला, आणि तो मी बराच वेळ खाली घेतला नाही, कारण कोणीतरी पाहावं असं वाटत होतं.

पुढचे काही दिवस मी गावात अशी चालले की जणू माझ्यावर अन्याय झाला आहे. छत तसंच राहिलं. पाळकसाहेब डावीकडं सरकत राहिले. एका सकाळी मी टेकडीवर गेले, ननंदेला शेवटचं समजवायला. तिची खोली झाडत होते, कारण कोणाला समजवायला गेलं की हातात झाडू बरा असतो, तेवढ्यात जीप आली.

साहेब एकटाच आत आला. हातात स्टीलचा डबा. ड्रायव्हर कारंज्याचा होता, त्यानं साहेबाला सगळी चाल सांगितली होती, पण तोवर कोहळं चिरून झालं होतं.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. "आता परत करायला कोहळं नाही. घरमालकिणीनं बोंडं केली होती, ती आणली."

कोहळ्याची बोंडं म्हणजे गूळ-कणकेत कोहळं मिसळून तळलेली, आमच्याकडं सणाला होतात. ननंदेनं एक घेतलं, चावून पाहिलं. "गूळ कमी पडला," म्हणाली. "बसा." म्हणजे माफ केलं. मी तिची भावजय, मला तोवर एकदाही 'बसा' मिळालेलं नव्हतं.

चहा झाला. साहेबानं खिडकीतून कोपऱ्याकडं पाहिलं. "मावशी, मला खरंच ती जागा सोडायची आहे. पण रस्ता काही तरी धरूनच न्यावा लागतो. नेमकं कुठे आहे ते सांगाल?"

मी झाडू थांबवला.

ननंद म्हणाली, "तुमी कोहळं खाल्लं. बिया कुठं टाकल्या?"

"बिया? घरमालकिणीनं टाकल्या असतील. परसात."

"परसात कुठं?"

"कुठेतरी... ते कसं सांगणार?"

"मंग," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

साहेब उठला. खिडकीपाशी गेला आणि गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळू लागला. मी माझा टेप आठवला. तो शाळेत परत केला होता एवढंच बरं झालं.

"दुसरीकडून रस्ता नाही," तो शेवटी म्हणाला. "पश्चिमेकडून चढ बरोबर आहे, पण तिथे कोणाचं तरी शेत आहे."

"माह्या भावाचं हाय थे," ननंद म्हणाली. "त्याच्या वावरातून न्या. माही भावजय लय प्रगतीची हाय."

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्या घराण्यात चेहऱ्यावर काही न आणण्याची कला वंशपरंपरेनं आहे.

त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत माझी मतं ज्या वेगानं बदलली तो वेग कंपनीच्या खांबावरच्या वाट्यांनाही नसेल. वावरात तूर उभी होती. मला एकदम पक्ष्यांची काळजी वाटू लागली. पात्यांच्या आवाजानं गाभण म्हशींचं काय होईल, हे मी पाळकसाहेबांना विचारलं. त्यांना म्हशींचं काही माहीत नव्हतं. मग चाचांच्या दुकानात गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "चाचा, ते ढगाचं तुमी म्हनत होते ना, त्याच्यात तथ्य असू शकते."

चाचांनी तराजू खाली ठेवला. "भाभी, रस्ता किसके खेत से जा रहा है?"

मी चहापत्ती घेतली आणि घरी आले.

घरी संध्याकाळी जेवताना मी ह्यांना सगळं मांडून सांगितलं. पक्षी, म्हशी, माती, वारसा. 'आपली भूसंपदा' हा शब्द मी पुन्हा वापरला, या खेपेला आपल्याच वावरासाठी. ह्यांनी ऐकून घेतलं. भाकरी संपवली. मग समोरची थाळी उचलून उलटी केली आणि तिच्यावर बोटानं टोला दिला.

"एक बार," म्हणाले.

मी म्हणाले, "ऐका तं खरं."

"दोन बार."

मी कोपऱ्याचं काही बोलणार होते. काय ते आता आठवत नाही. ते माझ्याकडं पाहत होते, आणि लग्नानंतर इतकी वर्षं मी पाहत आले होते की दर कबरी-सफाईला हा माणूस टेकडीवर बहिणीच्या मागं काही पावलं अंतर ठेवून उभा राहतो आणि खाली पाहतो. मी वरणाचं भांडं जवळ ओढलं.

"तीन बार," म्हणाले, आणि थाळी सरळ करून वरण वाढायला पुढं केली.

ठराव दुसऱ्यांदा झाला, कारण साहेबाच्या बोंडांच्या डब्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. लिहायला मी होते, पण या खेपेला खजिनदारांनी सांगितलं आणि मी लिहिलं, त्यामुळे तो एका पानात बसला. रस्ता आमच्या वावरातून गेला. पातं आलं त्या दिवशी शाळा सुटल्यासारखा सगळा गाव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. ते आमच्या तुरीतून हळूहळू असं निघून गेलं, जसं कोणी घर आडवं करून नेतंय. चाचा म्हणाले, "भाभी, इतना बड़ा पंखा, और तुम्हारे घर में लाइट नहीं." ते खरं होतं. वीज वरच्या लाइनीनं कुठं जाते ती जाते. आमच्याकडं पूर्वीसारखीच येते आणि पूर्वीसारखीच जाते.

छत झालं. एका जागी अजून गळतं, बरोबर सेक्रेटरीच्या खुर्चीवर. मी राजीनामा दिला तो याच कारणानं, असं सांगते.

साहेबाची बदली होऊन बरीच वर्षं झाली. तो होता तोवर दर कापणीला यायचा, कोहळ्यावर बोली लावायचा आणि इतर कोणी हात पुढं करायच्या आत "परत मंडळीला" असं इतक्या घाईनं म्हणायचा की लोक हसायचे. आता नवा पाहुणा कोणीही असो, खजिनदार त्याला चढायच्या आधी, खाली रस्त्यावरच गाठून सांगतात.

ननंद आता नव्वदीला आली. टेकडीवरून उतरली नाहीच. मीच चढते, माझ्याच वावरातल्या रस्त्यानं, ऑटोत बसून. ऑटोवाला म्हणतो, रस्ता मस्त हाय आजी. मी म्हणते, हाव, माह्याच डोक्यातली कल्पना. वर दारात बसलेली ननंद ऐकू येत नसल्याचं दाखवते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात कबरी साफ करतात, दगडांना चुना लावतात. आम्ही दोघी आधी सासू-सासऱ्यांचे दगड करतो. मग ती चुन्याचा डबा घेऊन लेकरांच्या कोपऱ्यात जाते. वर पातं फिरत असतं, त्याची सावली गवतावरून सरकत जाते, पुन्हा येते. ती वाकते, एका जागचं गवत हातानं बाजूला करते आणि मातीवर चुन्याचं एक बोट ओढते. "इथं," म्हणते. कोणाला उद्देशून नाही.

पाऊस पडला की ते बोट धुऊन जातं. मागच्या वर्षी ते सीताफळाच्या अलीकडं होतं. त्याच्या आधीच्या वर्षी वेलाच्या बुडाजवळ. यंदा ती झाडाच्या पार पलीकडं गेली, चढाच्या बाजूला, आणि तितक्याच खात्रीनं वाकली.

मी आयुष्यभर मास्तरीण होते. चूक दिसली की तिच्याखाली रेघ मारायची, हाच धंदा. मी डबा धरून उभी राहिले. तिचं झालं तेव्हा हात दिला आणि तिला उठवलं.

"बरोबर हाय ना?" ती म्हणाली.

"बरोबर हाय, अक्का," मी म्हणाले.